कुणाचा सिनेमा, कसला सिनेमा?

माझे सासरे पुण्याहून आमच्याकडे डब्लिनला आले होते तेव्हाची गोष्ट. पाहुणे आले की क्लिफ्स ऑफ मोहर आणि ग्लेंडलॉक हे ठरलेलंच असतं. ते दोन्ही झाल्यावर आम्ही त्यांना काँगला घेऊन गेलो. मेयो आणि गॉलवे या दोन काउंटींच्या सीमेवरचं हे टुमदार गाव. १९५१ च्या उन्हाळ्यात जॉन फोर्डने 'द क्वाएट मॅन'चं बाहेरचं बरंचसं चित्रीकरण या भागात केलं आणि गाव अजून त्यावर जगतंय म्हटलं तरी चालेल. भर चौकात पुतळा आहे, जॉन वेनने मॉरीन ओ'हाराला दोन्ही हातांवर उचलून धरलंय. पाऊस होताच, तो काय सांगायचा!

बाबा छत्री सावरत पुतळ्याकडे बघत म्हणाले, "कसला पिक्चर आहे हा? प्रेमाचा की मारामारीचा?"

आमचे चिरंजीव तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि सिनेमा हा त्यांचा एक विषय होता. तो पटकन म्हणाला, "आजोबा, फोर्डचा आहे!"

"अरे, कुणाचा ते नाही विचारलं. कसला ते विचारलं."

मी हसले खरी, पण परतीच्या तीन तासांच्या प्रवासात हा संवाद डोक्यातून जाईना. गेली सत्तर वर्षं सिनेमाचे अभ्यासक ज्यावर वाद घालताहेत, तो वाद या आजोबा-नातवाने दोन वाक्यांत मांडला होता. 'कुणाचा?' असं विचारणारी ती ओतर थिअरी आणि 'कसला?' असं विचारणारी ती जॉनर थिअरी. घरी आल्यावर मी दोन्हींबद्दल थोडं वाचलं, काही जुने सिनेमे पुन्हा पाहिले. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यासमोर ठेवते.

आधी थोडा इतिहास. 'ओतर' म्हणजे फ्रेंचमध्ये लेखक, कर्ता. १९५१ साली पॅरिसमध्ये 'काहिये द्यु सिनेमा' हे मासिक सुरू झालं. जानेवारी १९५४ च्या अंकात एकवीस वर्षांच्या फ्रान्स्वा त्र्युफोने एक जहाल लेख लिहिला. गाजलेल्या कादंबऱ्या घ्यायच्या, पटकथाकाराने त्या नीटनेटक्या करायच्या आणि दिग्दर्शकाने त्यांची चित्रं तेवढी काढायची, या फ्रेंच पद्धतीवर तो तुटून पडला. कादंबरी जशी कादंबरीकाराची, तसा सिनेमा दिग्दर्शकाचा, हा त्याचा आणि त्याच्या मित्रांचा आग्रह. १९६२ मध्ये अँड्र्यू सॅरिसने हा विचार अमेरिकेत नेला आणि त्याला 'थिअरी' हे भारदस्त नाव दिलं. लगेच १९६३ मध्ये पॉलीन केल या समीक्षिकेने त्याची साल काढली. दिग्दर्शकाची सही ओळखू येते म्हणून सिनेमा चांगला कसा ठरतो, हा तिचा रोख होता.

गंमत म्हणजे त्याच १९५४ साली रॉबर्ट वॉर्शो या अमेरिकन लेखकाने वेस्टर्न सिनेमाच्या नायकावर एक निबंध लिहिला. कमरेला पिस्तूल, बोलणं कमी आणि नाइलाज झाल्याशिवाय हत्यार न उपसणारा हा माणूस शेकडो सिनेमांत पुन्हा पुन्हा का येतो, असं त्याने विचारलं. इथे प्रश्न एका दिग्दर्शकाचा नव्हता, साच्याचा होता. प्रेक्षक तोच साचा पुन्हा पुन्हा का मागतात याचा होता.

आपल्याला हे समजायला गाण्याचा दाखला पुरे. जॉनर म्हणजे राग आणि ओतर म्हणजे गवई. यमन कुणीही गायला तरी यमनच. पण भीमसेनजींचा यमन आणि किशोरीताईंचा यमन एक नाही. 'आज कुठला राग?' आणि 'आज कोण गाणार?' हे दोन्ही प्रश्न विचारून आपण मैफलीला जातो. सिनेमाच्या बाबतीत मात्र विद्वानांनी दोन तट पाडले.

आता काँगला परत जाऊ.

फोर्ड हा ओतरवाल्यांचा लाडका. अमेरिकेत मेन राज्यात १८९४ साली जन्मलेला, मूळ आडनाव फीनी. वडील गॉलवेजवळच्या स्पिडलचे, आई अ‍ॅरन बेटांवरची. उत्कृष्ट दिग्दर्शनाची चार ऑस्कर त्याला मिळाली, हा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. वेस्टर्न काढणारा माणूस अशीच तो स्वतःची ओळख करून देई म्हणतात, पण या चारांतला एकही सिनेमा वेस्टर्न नाही! पहिलं मिळालं 'द इन्फॉर्मर'ला (१९३५), म्हणजे डब्लिनमधल्या फितुरीच्या गोष्टीला, आणि चौथं 'द क्वाएट मॅन'ला (१९५२).

आता ओतरचा चष्मा लावून पाहा. 'द क्वाएट मॅन'मध्ये शॉन थॉर्नटन अमेरिकेतून आपल्या जन्मघरी परत येतो, आणि वादळी रात्री त्या पडक्या घराचं दार उघडतं तेव्हा आत मेरी केट उभी असते. चार वर्षांनी फोर्डने 'द सर्चर्स' काढला. त्यात तोच जॉन वेन शेवटी दुसऱ्यांच्या घराच्या दाराशी येतो, सगळे आत जातात, तो बाहेरच राहतो आणि दार बंद होतं. एक हिरवागार विनोदी सिनेमा, दुसरा वाळवंटातला काळाकुट्ट. पण दोन्ही एकाच माणसाचे आहेत हे कळलं की दोन्ही दारं एकदम दिसायला लागतात. घर सोडून आलेल्यांच्या पोटी जन्मलेला मुलगा आयुष्यभर 'घरात कोण जाऊ शकतं?' हेच विचारत होता, असं वाटायला लागतं. हे ओतर थिअरीचं देणं, आणि ते छोटं नाही. स्टुडिओंच्या कारखान्यात गल्ल्यासाठी तयार झालेल्या मालातसुद्धा एखाद्या माणसाचं मन सापडू शकतं, हे तिने जगाला पटवलं.

तिचा दुबळेपणाही इथेच दिसतो. 'द क्वाएट मॅन'ची गोष्ट मुळात मॉरिस वॉल्श या केरीच्या लेखकाची, १९३३ साली छापलेली. पटकथा फ्रँक न्यूजंटची आणि 'द सर्चर्स'ची पटकथाही त्याचीच. विंटन होक दोन्ही सिनेमांचा कॅमेरामन. मग ती दोन दारं एकट्या फोर्डची कशी? गाण्याच्या मैफलीत निदान तबलजी आपल्या डोळ्यांसमोर बसलेला असतो. सिनेमात साथीदार पडद्यामागे असतात आणि 'फोर्डचा सिनेमा' म्हणताना त्यांची नावं आपण पुसून टाकतो.

याहून जुनं उदाहरण याच देशातलं आहे. रेक्स इंग्रम हा डब्लिनचा मुलगा. अमेरिकेत जाऊन त्याने १९२१ साली 'द फोर हॉर्समेन ऑफ द अपोकॅलिप्स' हा प्रचंड गाजलेला मूकपट केला, ज्याने रुडॉल्फ व्हॅलेंटिनोला तारा बनवलं. पण व्हॅलेंटिनोसाठी हट्ट धरणारी, पटकथा लिहिणारी आणि दिग्दर्शक म्हणून इंग्रमचं नाव सुचवणारी बाई होती जून मॅथिस. तिचं नाव आज किती जणांना माहीत आहे?

आता बाबांच्या प्रश्नाकडे येते. 'द क्वाएट मॅन' कसला सिनेमा?

मी म्हणेन, 'परतून येणाऱ्याचा सिनेमा.' हा साचा फोर्डने शोधलेला नाही. १९१० साली केलम नावाच्या अमेरिकन कंपनीची माणसं आयर्लंडला येऊन 'द लॅड फ्रॉम ओल्ड आयर्लंड' हा लघुपट करून गेली. गरीब पोरगा अमेरिकेला जातो, पैसा कमावतो आणि प्रेयसीचं घर जप्त होणार तेवढ्यात परत येऊन तिला वाचवतो. अमेरिकेतल्या आयरिश प्रेक्षकांना काय हवं होतं ते कंपनीने बरोबर ओळखलं होतं. फोर्डच्या आधी चाळीस वर्षं साचा तयार होता.

आणि त्याच्या नंतर पन्नास वर्षांनी तो आपल्याकडेही दिसला. आशुतोष गोवारीकरांचा 'स्वदेस' (२००४) आठवा. नासातला मोहन भार्गव कावेरी अम्मांना न्यायला गावी येतो आणि गावच त्याला धरून ठेवतं. पडद्यावर ते उत्तर प्रदेशातलं चरणपूर, पण शूटिंग झालं आपल्या वाईजवळच्या मेणवलीत! काँगचं जसं इनिसफ्री झालं, तसं मेणवलीचं चरणपूर झालं. फोर्डने 'स्वदेस' काढला नाही आणि गोवारीकरांनी 'क्वाएट मॅन' काढला नाही. तरी दोन्ही पाहताना आपला घसा एकाच जागी दाटून येतो. हे का होतं ते ओतर थिअरीला सांगता येत नाही, कारण उत्तर दिग्दर्शकापाशी नाही. ते आपल्यापाशी, थिएटरात बसलेल्या माणसापाशी आहे. जॉनरचं बळ हेच, की ती प्रेक्षकाला हिशेबात धरते.

अजून एक. मारामारी टाळणारा अबोल माणूस, त्याला डिवचणारा दांडगा आणि शेवटी सगळ्या गावासमोर सोक्षमोक्ष: हा ढाचा कुठला? वेस्टर्नचाच! नुसता हिरवा कोट घालून आलेला. यात काही फक्त माझी कल्पनाशक्ती नाही. या आयरिश सिनेमात पैसे बुडतील अशी रिपब्लिक पिक्चर्सच्या मालकाला भीती होती, म्हणून त्याने फोर्डला अट घातली की आधी हेच नट घेऊन एक वेस्टर्न काढून दे. तो 'रिओ ग्रांदे' (१९५०). म्हणजे जॉनरने कमावलं तेव्हा कुठे ओतरला मनातला सिनेमा करता आला. दोघांचं भांडण विद्वानांच्या लेखांत. व्यवहारात ती एकाच घरात नांदत होती.

पण साच्याचा तोटाही मोठा. पहिला तर्काचा: वेस्टर्न म्हणजे काय हे ठरवायला वेस्टर्न सिनेमे बघायचे, पण कुठले बघायचे हे ठरवायला वेस्टर्न म्हणजे काय ते आधी माहीत हवं! अभ्यासकांना अजून या चक्रातून धड सुटता आलेलं नाही. दुसरा तोटा माणसांचा. आयरिश माणूस म्हणजे पिणारा, गाणारा, भांडणारा आणि फादरना घाबरणारा, हा साचा अमेरिकेत आधीच होता. 'क्वाएट मॅन'ने तो टेक्निकलरमध्ये रंगवला. शॉन बायकोला स्टेशनपासून शेतांतून फरफटत आणतो आणि वाटेत एक बाई त्याच्या हातात छडी देते, तो प्रसंग आज बघवत नाही. पण साचा म्हणून तो हसण्यावारी जातो.

मात्र याच सिनेमात हुंड्याची गोष्ट आहे आणि ती साच्यात मावत नाही. मेरी केटचा भाऊ तिचे साडेतीनशे पौंड आणि घरचं सामान अडवतो. शॉन म्हणतो, मला नको पैसे. तिला ते पटत नाही. कारण प्रश्न त्याच्या लोभाचा नाही, तिच्या हक्काचा आहे. आपल्या शब्दांत तो हुंडा कमी आणि स्त्रीधन जास्त. शेवटी पैसे मिळतात तेव्हा दोघं मिळून ते भट्टीत टाकतात. हे बघताना बाबा म्हणाले, "हे मात्र बाईने बरोबर केलं."

साच्यात कोंबलं जाण्याचं दुःख आपल्याला नवं नाही. आपला सिनेमा म्हटलं की इथे एकच शब्द, 'बॉलिवूड'. मी एकदा ऑफिसातल्या मैत्रिणीला 'श्वास' दाखवला होता. आजोबा, नातू आणि डोळ्यांचं ऑपरेशन. अर्ध्या तासाने तिने हळूच विचारलं, "नाच कधी सुरू होतो?" तिचा दोष नव्हता. तिच्या हातात एकच डबा होता आणि 'श्वास' त्यात बसत नव्हता.

आयर्लंडमधून आपल्या पुण्यात जायला व्हेनिसमार्गे एक वाट आहे. १९३४ साली व्हेनिसच्या महोत्सवात रॉबर्ट फ्लॅहर्टीच्या 'मॅन ऑफ अ‍ॅरन'ला पारितोषिक मिळालं. फोर्डच्या आईच्या बेटांवरचा हा माहितीपट. पण त्यातलं कुटुंब खरं कुटुंब नव्हतं, वेगवेगळ्या घरांतली माणसं निवडून ते जुळवलेलं होतं. त्यातली शार्कची शिकार बेटकऱ्यांनी कधीच सोडून दिली होती, ती त्यांना पुन्हा शिकवावी लागली. ओतर म्हणतो, ही कलावंताची दृष्टी. जॉनर म्हणतो, माहितीपट म्हणवता तर शब्द पाळा. इथे मी जॉनरच्या बाजूने आहे.

त्यानंतर तीन वर्षांनी, १९३७ मध्ये, त्याच व्हेनिसला प्रभातच्या 'संत तुकाराम'चा गौरव झाला. आणि प्रभातकडे तर या दोन्ही थिअरींची परीक्षा घेणारा आयता प्रयोगच आहे. १९२९ साली कोल्हापुरात दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि कुलकर्णी या पाच जणांनी कंपनी काढली, १९३३ मध्ये ती पुण्याला आली. १९३५ साली शांतारामबापूंनी 'धर्मात्मा' काढला. संत एकनाथांची गोष्ट, अस्पृश्यतेचा ज्वलंत विषय, आणि एकनाथ कोण, तर खुद्द बालगंधर्व! पुढच्याच वर्षी दामले-फत्तेलालांनी 'संत तुकाराम' काढला. तीच कंपनी, तोच संतपटाचा साचा, फक्त दिग्दर्शक वेगळे.

ओतरवाला डोळे मिटून शांतारामबापूंवर पैज लावेल. 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी' असे एकाहून एक सिनेमे करणारा, आत्मचरित्र लिहिणारा, ठसठशीत सहीचा माणूस. दामले मूळचे ध्वनिमुद्रणाचे, फत्तेलाल कलादिग्दर्शनाचे, फारसं न बोलणारे. आणि लोकांच्या मनात घर केलं ते 'तुकाराम'ने. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला. विष्णुपंत पागनिसांचा चेहरा हाच तुकोबांचा चेहरा होऊन बसला.

मग साचा जिंकला म्हणावं? तेही नाही, कारण साचा दोघांचा एकच होता. साच्याने एवढं केलं की प्रेक्षक गोष्ट माहीत असूनच आत आला. सालोमालो छळणार, वह्या पाण्यात जाणार आणि वर येणार, शेवटी तुकोबा वैकुंठाला जाणार. पुढे काय होणार ही उत्सुकता संपल्यामुळे लोक कसं होतं ते बघायला मोकळे झाले. तिथे दिसली गौरीबाईंची आवली, पोराच्या दुखण्यापायी थेट देवाशी भांडणारी. तिथे केशवराव भोळ्यांचं संगीत आणि शिवराम वाशीकरांचं लेखन. त्यातला बीज आणि वृक्षाचा तो अभंग शांताराम आठवल्यांनी लिहिलेला, पण तो इतका मुरलेला की अनेकांना तुकोबांचाच वाटला. स्वतःचं नाव विरघळून जाणं हीच त्या कर्त्याची शाबासकी! ओतर थिअरी या माणसाला कुठे बसवणार?

१९५७ मध्ये 'काहिये'च्याच आंद्रे बाझांने आपल्या तरुण मित्रांना बजावलं होतं की एका माणसाच्या प्रतिभेइतकीच व्यवस्थेचीही प्रतिभा असते. त्याने ते हॉलिवूडबद्दल म्हटलं. मला वाचताना प्रभात दिसत होती.

आणि दादा कोंडके? 'सोंगाड्या'चे (१९७१) दिग्दर्शक गोविंद कुलकर्णी, लेखन वसंत सबनीसांचं. पण आमच्या गावात 'कुणाचा पिक्चर?' विचारलं तर शेंबडं पोरही 'दादांचा' म्हणायचं. आणि 'कसला?' विचारलं तरी उत्तर तेच, 'दादांचा'! पॅरिसच्या पंडितांनी ज्या दोन प्रश्नांवर इतके कागद खर्ची घातले, त्यांचं आपल्या तंबू थिएटरातल्या पब्लिकने एकाच शब्दात उत्तर दिलं होतं.

तर मंडळी, माझा निष्कर्ष साधा आहे. सिनेमाच्या दारातून आत शिरायला 'कसला?' हा प्रश्न बरा. आत गेल्यावर नीट बघायला 'कुणाचा?' हा प्रश्न हवा, पण त्याचं उत्तर एका नावावर थांबवू नये. नुसतं 'कसला' विचारलं की माणसं डब्यात जातात. नुसतं 'कुणाचा' विचारलं की एक माणूस पुतळा होतो आणि बाकीचे गायब होतात. इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना हे सांगायला हवं. जग त्यांना आधी 'कसला?' असंच विचारणार आहे, इंडियन म्हणजे कसले, बॉलिवूड म्हणजे कसलं. त्यांना उत्तरात आपली नावं सांगता यायला हवीत. दामले, फत्तेलाल, गौरी, आठवले.

काँगहून परतल्यावर त्या रात्री आम्ही बाबांना 'क्वाएट मॅन' दाखवला. संपल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, झोप आली असेल. मग म्हणाले, "तो परत आला ते खरं. पण गावाने त्याला आपला म्हणेपर्यंत बिचाऱ्याला केवढी मारामारी करावी लागली!" जरा थांबून, कुणाकडेच न बघता त्यांनी विचारलं, "तुमचं काय ठरतंय?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. चिरंजीवांनी टीव्ही बंद केला. मी चहा टाकायला उठले.

या दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही सिनेमे घरच्यांबरोबर जरूर बघा, 'द क्वाएट मॅन' आणि 'संत तुकाराम'. नावांची पाटी मात्र पुढे ढकलू नका, सावकाश वाचा. शुभ दीपावली!